माम्मा घेऊन गेली

१

कागद नाहीसा झाला शुक्रवारी सकाळी, आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत चोरही ठरला. इटलीतल्या बारी शहरात राहणाऱ्या जॉर्जियन बायकांचं हे असंच आहे. राहण्याचा परवाना मिळवायला त्यांना सात-सात वर्षं लागतात, पण एकमेकींचा निकाल लावायला एक दुपारही पुरते.

कागद होता एतेरीचा. एतेरी सत्तेचाळीस वर्षांची, तेर्जोलाजवळच्या एका खेड्यातली. सिन्योर कोसिमो नावाच्या म्हाताऱ्या शिंप्याकडे ती राहायची आणि त्याचं खाणं, आंघोळ, डायपर सगळं बघायची. सात वर्षांत ती एकदाही घरी गेली नव्हती. परवाना नसला की असंच असतं, एकदा हद्दीबाहेर पाऊल टाकलं की परत आत यायची सोय नाही. जानेवारीत तिची आई वारली, तेव्हा तिनं माती फोनच्या पडद्यावर पाहिली, कोसिमोच्या स्वयंपाकघरात उभी राहून. मधेच त्याचं सूप उतू गेलं, तर ती गॅस बंद करायला गेली आणि परत आली तेव्हा खड्डा बुजला होता. ही हकीकत बायका एकमेकींना सांगायच्या आणि डोळे पुसायच्या.

सरकारनं गेल्या सप्टेंबरात एक संधी दिली होती. मालकानं सही करून लिहून द्यायचं की ही बाई माझ्याकडे काम करते, मग अर्ज, मग परवाना. मुदत या सोमवारी संपत होती. एतेरी इतके महिने सांगत होती की म्हाताऱ्याचा मुलगा सही करू देत नाही. मागच्या रविवारी मात्र बागेत सगळ्यांसमोर ती म्हणाली, झाली एकदाची सही, कालच केली म्हाताऱ्यानं. शुक्रवारी कागद गुलिकोकडे आणून देते.

गुलिको म्हणजे या सगळ्यांची मुखत्यार. पूर्वी पोस्टात होती, तिथला ताठा अजून उतरला नव्हता. सगळ्यांचे अर्ज तीच भरायची, आणि हातात कागद आला की आधी तो तारखेपासून सहीपर्यंत खड्या आवाजात वाचून काढायची, मगच पेन उचलायची. शुक्रवारी ती चष्मा पुसून बसली होती, तर एतेरीचा रडत फोन आला. खणात कागद नाही.

गुरुवारी दुपारी बायकांना सुट्टी असते. त्या दुपारी कोसिमोजवळ बदली म्हणून बसली होती लामझिरा. चार महिन्यांपूर्वी आलेली, एक्केचाळीस वर्षांची, अजून कुठे कायमचं काम न मिळालेली. घरात दुसरं कुणी आलं नव्हतं. एकदा बोलता बोलता लामझिरा म्हणालीही होती की असं शांत म्हातारं मला मिळालं तर बरं होईल. झालं, एवढं वाक्य पुरलं.

गुलिकोचा फोन आला तेव्हा नाझिब्रोला ती सांभाळत असलेल्या सिन्योरा असुन्ताच्या पायाची नखं कापत होती. नाझिब्रोला, सगळ्यांची नाझि, एकोणसाठ वर्षांची, आणि एके काळी कुताइसीच्या सरकारी वकिलांच्या कचेरीत एकवीस वर्षं तपास अधिकारी होती. तिच्या खोलीत शिरताना भले भले टोपी काढायचे. आता ती दुसऱ्यांची नखं कापते हे तिच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं सांगून ठेवलं होतं की ती इटलीत वाचनालयात आहे. तिनं ते कधी खोडून काढलं नाही, उलट सणावारी फोनवर पुस्तकांच्या धुळीबद्दल कुरकुरही करायची. स्वतःची लाज वाटायची, पण सवयही होऊन गेली होती.

गुलिको म्हणाली, "कालबातोनो नाझि, तुम्ही या." कालबातोनो म्हणजे बाईसाहेब. अडलं की गुलिकोला हा शब्द आठवायचा. "त्या बयेची बॅग आम्ही दारात आणून ठेवली आहे. हात लावलेला नाही. तुम्हीच उघडा."

२

गुलिकोच्या दोन खोल्यांत सहा खाटा होत्या, आणि सहाव्या खाटेच्या कडेला लामझिरा हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला पोलिसांत देणार नव्हतं कुणी. पोलिस म्हटलं की निम्म्या बायका बिनकागदाच्या, म्हणजे चोराच्या आधी घरमालकिणीच आत. म्हाताऱ्याचा मुलगा रुज्जेरो याला विचारायचीही सोय नव्हती. चोरी हा शब्द त्याच्या कानावर गेला की तो पहिला फोन पोलिसांनाच करणार. म्हणून गुलिकोनं आपली शिक्षा आपणच ठरवली होती: रविवारी दुपारी मिनीबस पार्सलं घेऊन जॉर्जियाला निघते, तोवर कागद आला नाही तर लामझिरानं त्याच गाडीत बसायचं. लामझिराच्या तीन मुली शेजाऱ्यांकडे राहत होत्या, आणि येण्यासाठी तिनं गाय विकली होती. ती रिकाम्या हातानं परत गेली असती, वर चोर म्हणून.

नाझिनं विचारलं, "तू घेतलास?"

"नाही."

"बॅग बघू?"

लामझिरानं उत्तर दिलं नाही. नाझिनं ते होकारार्थी धरलं. एकवीस वर्षांत तिनं बरीच मौनं अशी धरली होती. तिनं चेन ओढली आणि तिचे हात जुन्या सवयीनं चालू लागले: आधी कडेचे कप्पे, मग अस्तर, मग घड्या एकेक उलगडून. पाच बायका माना वर करून बघत होत्या. तळाशी, लोकरी मोज्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चपटं लागलं.

"बघा!" गुलिको म्हणाली.

नाझिनं ते उलगडलं. आत प्लास्टिकचा डबा होता, डब्यात पास्ता. थंड, घट्ट झालेला, कुणाच्या तरी ताटातला. दोन-तीन तुकडे अर्धवट चावलेले दिसत होते.

लामझिरा जमिनीकडे बघत म्हणाली, "सिन्योर निम्मं टाकतो. मी फेकूनच देणार होते."

चार महिने ही बाई त्यांच्यात झोपत होती, रोज म्हणत होती की मी कामावर जेवून आले. नाझिनं डबा परत कागदात गुंडाळला, पण तिला ती घडी जमेना. असली लाज तिला कचेरीत कधी वाटली नव्हती, कारण तिथे ती डब्यांच्या पलीकडच्या बाजूला बसायची.

गुलिको पुटपुटली की भूक लागली होती तर सांगायचं होतंस. लामझिरानं विचारलं, काय म्हणून सांगायचं होतं? तेवढ्यात गुलिकोचा फोन वाजला आणि तिला सुटल्यासारखं झालं. तिचा तीस वर्षांचा घोडा झालेला मुलगा कुताइसीहून बोलत होता. गुलिको खिडकीशी जाऊन मऊ आवाजात म्हणाली, "देदा, जेवलास का रे, देदा?"

देदा म्हणजे आई. जॉर्जियन आई लेकराला आपल्याच नात्यानं हाक मारते, मग तो लेक असो की ती लेक. आपल्याकडे नाही का, कुठे कुठे लेकीला माय म्हणतात. कुणाला त्यात नवल वाटत नाही.

नाझि उठली तेव्हा लामझिरा हळूच म्हणाली, "मला हाकला हवं तर. पण त्या म्हाताऱ्याला एकदा विचारा. गुरुवारी सारखं तेच तेच बोलत होता, की कागद गेला, कागद गेला. मी पोचले तेव्हापासून."

"तू पोचलीस तेव्हापासून?"

"पहिलं वाक्य तेच."

३

शनिवारी सकाळी असुन्ताची मुलगी आली, तशी नाझि एक तास मागून घेऊन कोसिमोकडे गेली. दार एतेरीनं उघडलं. डोळे सुजलेले, काळा रुमाल बांधलेला. आईचं वर्ष व्हायचं होतं अजून.

नाझिनं खण पाहिला. कुलूप नव्हतं, ओरखडा नव्हता. कागद कुणी चोरला असेल असं तुला वाटतं, असं तिनं एतेरीला तीनदा तीन तऱ्हांनी विचारलं. तिन्ही वेळा एतेरी म्हणाली, "खणात नाही एवढं खरं." चोरी हा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. नाझिनं तो तिचा चांगुलपणा समजला.

कोसिमो खिडकीशी खुर्चीत होता. एतेरी त्याला भरवायला बसली, पण त्याला आज स्वतः जेवायचं होतं. त्यानं चमचा धरला, आणि तो अर्ध्या वाटेत असा थडथडला की सूप गळपट्टीवर, मांडीवर, सगळीकडे. मार्चमध्ये त्याला झटका आला होता, तेव्हापासून हे असं. एतेरीनं न बोलता चमचा काढून घेतला, पुसलं, आणि भरवू लागली. ज्या माणसानं अर्ध्या शहराचे लग्नाचे कोट शिवले त्याला आता गळपट्टी बांधायची, आणि बांधणारीला तो मुकाट मान पुढे करायचा.

पूर्वी नाझि आली की म्हातारा आतूनच ओरडायचा, "देदा, पाहुणे आले!" एतेरीचं नावच देदा आहे अशी त्याची सहा वर्षं समजूत होती, आणि बायका त्यावरून एतेरीला चिडवायच्या. आज त्यानं तशी हाक मारली नाही. नाझिच्या लक्षात आलं की हिवाळ्यानंतर ती हाक ऐकलीच नव्हती.

ती त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली आणि इटालियनमध्ये म्हणाली, "सिन्योर कोसिमो, देदाचा कागद होता ना, तो कुठे गेला?"

"देदा गेली," म्हातारा म्हणाला. "देदा नाही येत आता."

"बरं. मग कागद?"

"माम्मानं घेतला."

एतेरीच्या हातातली वाटी बशीवर आपटली. ती म्हणाली, त्याच्या बोलण्याचं काही मनावर घेऊ नका, त्याला हल्ली मेलेली माणसं दिसतात. माम्मा म्हणजे इटालियनमध्ये आई. नाझिनं वर पाहिलं. भिंतीवर कोसिमोच्या आईचा फोटो होता, काळी शाल, मिटलेले ओठ, जाऊन चाळीस वर्षं झालेली. तिनं स्टुलावर चढून फोटो उतरवला, मागचा पुठ्ठा काढला. आत एका संताचं चित्र आणि कोळ्याचं जाळं, बाकी काही नाही.

"माम्मानं खण उघडला," म्हातारा आपल्याशीच बोलत होता. "कागद घेतला. रडली. माम्मा फार रडली."

नाझि हात झटकून निघाली. म्हाताऱ्याच्या डोक्यातून काही मिळणार नाही असं तिला वाटलं. पण जिना उतरताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली. सूप सांडलेला तो हात तिच्या डोळ्यांपुढून हलेना. चमचा तोंडापर्यंत न नेऊ शकणारा माणूस मागच्या आठवड्यात कागदावर सही कशी करेल? मार्चनंतर या हातानं सही झालेली असणं शक्यच नव्हतं. म्हणजे एक तर कागद कधी नव्हताच, नाहीतर तो होता आणि एतेरी त्याच्याबद्दल खोटं बोलत होती.

४

संध्याकाळच्या प्रार्थनेला नाझि देवळात गेली. देव आठवला म्हणून नव्हे, शब्द आठवला म्हणून.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. मामा म्हणजे आपला आईचा भाऊ नव्हे. जगात जिथे तिथे लेकरू म-म करतं आणि आई ओ देते. जॉर्जियात बाप ओ देतो. त्यांच्यात मामा म्हणजे बाप. आणि पाद्रीबाबालाही तोच शब्द. बारीतल्या जॉर्जियन पाद्रीबाबांना सगळे मामा इलारिऑन म्हणायचे. मग म्हाताऱ्यानं आपली माम्मा म्हटलीच नसेल तर? घरात येणाऱ्या बायका कुणाला तरी मामा, मामा म्हणत होत्या, ते त्यानं ऐकलं असेल तर?

मामा इलारिऑन मेणबत्त्यांची बुडखं खरवडत होते. भल्या पहाटे ते मंडईत भाजीच्या पेट्या उतरवायचे, कारण नुसत्या आशीर्वादावर भाडं भागत नाही. नाझिनं सरळ विचारलं की तुम्ही या आठवड्यात कोसिमोकडे गेला होतात का. हो म्हणाले. बुधवारी. एतेरीच्या आईसाठी प्रार्थना म्हणायला.

"खणातून काही घेतलंत?"

पाद्रीबाबांना हसू आलं. "कालबातोनो, मी तिथून एक भाजलेलं वांगं घेतलं, तेही तिनं बळजबरीनं दिलं म्हणून."

नाझि ओशाळली. दोन दिवसांत एक भुकेली बाई आणि एक पाद्रीबाबा, दोघांच्या झडत्या घेऊन झाल्या होत्या. ती वळली, तर मामा इलारिऑननीच थांबवलं. ते म्हणाले की पापाची कबुली असती तर मी तोंड उघडलं नसतं, पण हे तिनं जिन्यात विचारलं, मी खाली उतरताना. दुसऱ्या दिवशी पहाटे मंडई होती म्हणून मला घाई होती, मी नीट थांबलोही नाही, आणि त्याचं मला तेव्हापासून वाईट वाटतंय.

"काय विचारलं?"

"कागदावरची तारीख खोडून दुसरी घातली तर ते पाप का, असं. मी म्हटलं, हो. आणि निघून आलो."

५

रविवारी मिनीबस नेहमीच्या जागी, स्टेडियमच्या मागे उभी होती. ऊन मी म्हणत होतं. बायका पार्सलं आणून टाकत होत्या: कॉफी, पास्ता, ऑलिव्हचं तेल, नातवंडांचे बूट. गुलिको यादी धरून उभी. एका बाजूला लामझिरा, पायाशी तीच बॅग. तिनं केस नीट विंचरले होते, जसं कुणी प्रवासाला निघताना विंचरतं.

एतेरी आपल्या पार्सलावर बसून होती. निळ्या दोरीनं बांधलेलं खोकं, वर बापाचं नाव. ड्रायव्हर दोनदा मागायला आला, दोनदा ती म्हणाली, थांब जरा.

ड्रायव्हर झाझा हसून बाजूला झाला, कारण त्याचा फोन वाजत होता. पडद्यावर त्याची पाच-सहा वर्षांची मुलगी रडत होती, बापानं लवकर यावं म्हणून. झाझानं गाडीच्या सावलीत उकिडवं बसून तिची समजूत घातली, "नाही मामा, रडायचं नाही मामा, बुधवारी येतो ना मी, मामा."

नाझि जागच्या जागी उभी राहिली.

आई लेकराला देदा म्हणते, तर बाप लेकराला काय म्हणणार? मामा. जन्मभर ऐकलेला शब्द, तिच्या स्वतःच्या बापानं तिला हजारदा मारलेली हाक. आणि ती दोन दिवस इटालियन डोक्यानं माम्मा शोधत भिंतीवर चढली होती. कोसिमोला भ्रम झालेला नव्हता. सहा वर्षं एतेरीची आई रोज दुपारी फोनवर यायची आणि म्हणायची, देदा जेवलीस का, देदा थकलीस का. म्हणून एतेरीचं नाव देदा. जानेवारीत आई गेली. मग बाप फोन करू लागला, आणि म्हाताऱ्यानं मुकाट्यानं नवं नाव शिकून घेतलं. देदा गेली, आता माम्मा असते. त्या घरात माम्मा एकच होती.

ती एतेरीजवळ गेली आणि तिच्या शेजारी त्या खोक्यावरच टेकली. आवाज न चढवता तिनं सांगितलं. गुरुवारी दुपारी तुझे वडील फोनवर होते. म्हातारा खिडकीशी होता. तू खण उघडलास, कागद काढलास आणि रडलीस. लामझिरा आली तेव्हा कागद आधीच गेलेला होता. सही मागच्या आठवड्यातली नाही, तो हात मार्चपासून चमचाही धरत नाही. सही जुनी आहे, आणि त्यावरची तारीख तुला नको आहे, कारण गुलिको तारखेपासून मोठ्यानं वाचते.

"आता एकच विचारते," नाझि म्हणाली. "जाळला असतास तर इतकी रडली नसतीस. खोक्यात आहे ना?"

एतेरीनं मान खाली घातली. भोवती बायका जमल्या होत्या. तिनं स्वतःच दोरी सोडली. कॉफीच्या पुड्यांखाली, आईच्या वर्षश्राद्धाला म्हणून घेतलेल्या काळ्या कापडाच्या घडीत, पाकीट होतं.

"वडिलांना पाठवत होते," ती म्हणाली. "मला तोंडानं सांगता येत नव्हतं. म्हटलं, कागदच जाऊन सांगेल."

पाकीट गुलिकोच्या हातात आलं, आणि सवय ती सवय. तिनं चष्मा लावला आणि खड्या आवाजात सुरुवात केली, "बारी, चौदा ऑक्टोबर..." आणि तिथेच थांबली.

ऑक्टोबर. आई जानेवारीत गेली. हिशोब करायला कुणालाही बोटं लागली नाहीत. ऑक्टोबरात अर्ज केला असता तर नुसत्या अर्जाच्या पावतीवरही महिन्याभरात जाऊन येता आलं असतं, आणि आई तेव्हा ओळखत होती, बोलत होती. इतके महिने ज्या बाईसाठी सगळ्या रडल्या तिच्या खणात परतीची वाट घडी करून ठेवलेली होती.

"मुलगा सही देत नव्हता म्हणालीस," गुलिको म्हणाली.

"रुज्जेरोनं स्वतः कागद आणून दिला होता. म्हणाला, जा, आईला भेटून ये." एतेरीचा आवाज सपाट होता. "पहिल्यांदा वाटलं, मी गेले तर तो दुसरी बाई ठेवेल. मग तेही खरं राहिलं नाही. खरं एवढंच की मला भीती वाटली. सात वर्षं मी परक्या म्हाताऱ्याला भरवलं, पुसलं, आणि आईला शेजारीण भरवत होती. आता मी जाणार, आणि ती माझ्याकडे बघणार. कुठल्या तोंडानं जाऊ? म्हटलं, नाताळ होऊ दे. म्हटलं, थोडं थांबेल ती. कागद नाहीत म्हटलं की सगळे गप्प बसायचे. वडीलही."

"आणि ही?" नाझिनं लामझिराकडे हात केला. "हिला या गाडीत बसवणार होतीस?"

एतेरी लामझिराकडे बघू शकली नाही. "मी चोरी म्हटलं नव्हतं."

"नाही असंही म्हणाली नव्हतीस."

तेवढ्यात एतेरीच्या खिशातला फोन वाजला. दर रविवारी या वेळी बाप विचारायचा, पार्सल दिलंस का. तिनं फोन हातात धरला. एतेरीनं पडदा उघडला आणि तिचा म्हातारा बाप शाक्रो दिसला, अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून हात आडवा धरलेला.

"मामा, दिलंस का गं पार्सल? आणि कागदाचं काय झालं, मामा?"

तिनं सांगितलं. सगळ्यांसमोर, उभं राहून, चौदा ऑक्टोबरपासून. मधे एकदा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. मांडवाखाली म्हाताऱ्याचा हात हळूहळू खाली आला. मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

"ठीक आहे, एतेरी," तो म्हणाला.

आणि फोन बंद झाला.

सत्तेचाळीस वर्षांत बापानं तिला नावानं हाक मारलेली नव्हती. तिथल्या एकूण एक बाईला ते कळलं. एतेरी बंद पडद्याकडे बघत राहिली.

गुलिकोनं यादी खिशात घातली, लामझिराची बॅग उचलली आणि खोलीकडे न्यायला निघाली, चालता चालता काहीतरी पुटपुटत, बहुधा माफीसारखं. लामझिरानं तिच्या हातातून बॅग काढून घेतली. माझी मी नेते, म्हणाली. नाझिनं तिला गाठून चुकलं म्हणून सांगितलं, तेव्हा ती क्षणभर थांबली.

"तुम्ही पुष्कळ बॅगा उघडल्या असतील, कालबातोनो," लामझिरा म्हणाली. "हात फार सराईत होते तुमचे."

वाचनालयात काम करणाऱ्या बाईचे हात तसे नसतात, एवढं नाझिच्या मनात आलं, आणि तिची मान खाली गेली.

सुट्टी संपायच्या वेळेला ती एतेरीला सोडायला गेली. रुज्जेरो दारातच किल्ल्या वाजवत उभा होता, उशीर झाला म्हणून वैतागलेला. पाकीट बघून म्हणाला, हे अजून दिलंच नाही का? उद्या शेवटचा दिवस आहे. एतेरी म्हणाली, उद्या सकाळी आठला देते. तो खांदे उडवून जिना उतरला.

आत खिडकीशी कोसिमो बसला होता, गळपट्टी आधीच बांधून. पावलं ऐकून त्यानं मान वळवली आणि त्याचा चेहरा खुलला.

"माम्मा," तो म्हणाला, "किती उशीर केलास."

एतेरी दाराला धरून उभी राहिली. तिच्या तोंडून हुंदका फुटला तो आता, दिवसभरातला पहिला. त्या नावानं तिला हाक मारणारं आता जगात हे एकच माणूस उरलं होतं, आणि ती हाक त्यानं तिच्या बापाकडूनच उचललेली होती.

"आले," ती म्हणाली. तिनं हात धुतले आणि सूप गरम करायला ठेवलं. नाझिनं पाकीट टेबलावर मिठाच्या बरणीखाली ठेवलं, सकाळी विसरायला नको म्हणून.